कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला जावं का? हिशेब तपासून हवा आहे

उंबरठा

आकडे आधी देते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात, फ्रीमाँटमधलं घर, २०१२ साली ६ लाख डॉलरला घेतलेलं. आज साधारण १६ लाखांना जाईल. कर्ज ३ लाख २० हजार बाकी, व्याज २.८७५ टक्के, १५ वर्षं राहिली आहेत. दोघांचा पगार मिळून अडीच लाख, वर वर्षाला ४० हजारांचे आरएसयू (टप्प्याटप्प्याने हातात येणारे कंपनीचे शेअर). मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. आम्ही चौघं सिटिझन, सासूबाई सोबत राहतात आणि त्यांचं ग्रीन कार्ड आहे. दोघांच्याही कंपन्या रिमोटला तयार आहेत. डोळ्यासमोर डॅलसच्या उत्तरेचा भाग आहे, फ्रिस्को किंवा त्याच्याही वर, साडेसहा लाखांपर्यंतचं घर.

जो तो म्हणतो, 'तिकडे टॅक्सच नाही, इथे कशाला मरताय?' मला तीन गोष्टी हव्यात: वर्षाला खरोखर किती उरेल, इथलं घर विकायचं की भाड्याने द्यायचं, आणि कुठली गोष्ट चुकीच्या क्रमाने केली तर महाग पडते.

---

जमाखर्च

तुमच्या आकड्यांवर मांडतो. कर २०२५ च्या दराने.

एकूण २ लाख ९० हजारांतून दोघांचे ४०१के (निवृत्तीची करसवलतीची खाती) पूर्ण भरले असं धरलं, तर कॅलिफोर्नियाचा आयकर १३ ते १४ हजार येतो. त्यावर एसडीआय (पगारातून कापला जाणारा राज्याचा अपंगत्व विमा) १.२ टक्के. त्याला २०२४ पासून पगाराची वरची मर्यादाच राहिलेली नाही, म्हणजे आणखी साडेतीन हजार. ढोबळ १७ हजार डॉलर. टेक्सासमध्ये हे दोन्ही शून्य.

आता उलट बाजू. प्रॉपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या घरपट्टीच्या कायद्यामुळे तुमच्या घराची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांच्या वर चढत नाही. ६ लाखांची ती आज पावणेआठ लाखांच्या आसपास असणार, आणि स्थानिक बाँड धरून १.१५ टक्क्याने बिल ८,९०० च्या आगेमागे. टेक्सासमध्ये साडेसहा लाखांचं घर आणि एकूण दर २.१ टक्के धरला तर १३,६५०. २०२५ पासून शाळेच्या करात होमस्टेडची (स्वतः राहत्या घराची) सूट १ लाख ४० हजारांची झाली आहे, तिने दीडेक हजार कमी होतात. म्हणजे १२,१०० च्या घरात. फरक ३,२०० तुमच्या विरुद्ध. घराच्या विम्याचा फरक निराळा, त्याचे कोट हातात आल्याशिवाय पुढची बेरीज करू नका.

फेडरल बाजूला फारसं हलत नाही. इथला राज्य कर, घरपट्टी आणि व्याज मिळून ३१ हजारांच्या आसपास होतात आणि जोडप्याची २०२५ ची स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट) ३१,५०० आहे. दानधर्म मोठा असेल तरच फरक.

तर हाती राहतात १३,८०० वजा विमा. आणि आता मुख्य प्रश्न: कंपनी 'रिमोट चालेल' म्हणते, पण पगार तोच ठेवते का? पुष्कळ कंपन्यांत गावानुसार पगाराचे पट्टे असतात. अडीच लाखांवर ५ टक्के कपात म्हणजे १२,५००, फेडरल कर वजा जाता ९ हजारांचा खड्डा. त्यात विम्याचा वाढीव हप्ता घाला, वर्षाची बचत जवळपास संपली. १० टक्के कपात झाली तर तुम्ही तोट्यात. हे मॅनेजरच्या तोंडी शब्दावर सोडू नका. नवा पट्टा कुठला आणि पुढचे आरएसयू कुठल्या पट्ट्याने मिळणार, दोन्ही एचआरकडून लेखी घ्या.

म्हणजे तुमच्या बाबतीत खरी चाल आयकराची नाहीच. ती घरात अडकलेल्या पैशाची आहे. १६ लाखांतून विक्रीचा खर्च ८० हजार, मूळ किंमत ६ लाख आणि सुधारणा ७० हजार वजा केल्या (सुधारणांचा आकडा माझा, तुमच्या पावत्यांप्रमाणे बदला), तर नफा साडेआठ लाख. जोडप्याला ५ लाखांची सूट. उरलेल्या साडेतीन लाखांवर फेडरल १५ टक्के, नेट इन्व्हेस्टमेंट इन्कम टॅक्स (गुंतवणुकीच्या नफ्यावरचा ज्यादा फेडरल कर) ३.८ आणि कॅलिफोर्निया ९.३. एक लाखाच्या घरात कर. कर्ज फेडून ११ लाख हातात. त्यातून घर रोख घेतलं तरी साडेचार लाख उरतात. या रकमेसाठी जायचंय की १३ हजारांसाठी, ते आधी ठरवा.

नेहमी होणारा गैरसमज: टेक्सासला गेल्यावर घर विकलं तर कॅलिफोर्नियाचा कर वाचत नाही. जमीनजुमला जिथे आहे तिथलं राज्य कर घेतं. शेअरचं उलट आहे, तिथे विकताना तुम्ही कुठले रहिवासी हे बघतात. जुने शेअर विकायचे असतील तर मुक्काम खरोखर हलल्यानंतर विका.

---

कौलारू

घराबद्दल लिहिते, कारण साडेसहा लाखांच्या घराची जाहिरात बघून बे एरियाची माणसं हरखतात आणि तीन ठिकाणी फसतात.

पहिलं, एस्क्रो, म्हणजे घरपट्टीसाठी बँक हप्त्याबरोबर घेऊन ठेवते ते पैसे. नवीन बांधलेल्या घराचं पहिल्या वर्षाचं टॅक्स बिल बहुतेकदा नुसत्या प्लॉटवर येतं, कारण १ जानेवारीला तिथे घर उभंच नव्हतं. प्लॉट १ लाखाचा तर बिल २,१००. बँक त्याप्रमाणे महिन्याला १७५ डॉलर एस्क्रोत घेते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं १२ हजारांचं बिल येतं. मग बँक महिन्याला १,००० घेते आणि मागची ९,९०० ची तूट १२ महिन्यांत वसूल करायला वर ८२५. हप्ता एकदम १,६५० ने वाढतो. रोख घेणाऱ्याला एस्क्रो नाही, पण बिल तेच. म्हणून बिल्डरचा 'अंदाजे मासिक खर्च' बाजूला ठेवा आणि काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (घरांची करपात्र किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर त्याच गल्लीतल्या दोन-तीन वर्षं जुन्या घराचं बिल काढा. त्यावर एकेक ओळ दिसते: शाळा, शहर, काउंटी, कॉलेज आणि नवीन वस्तीत बहुधा 'मड'. मड म्हणजे पाणी, गटार, रस्ते यांसाठी काढलेल्या कर्जाचा कर. वस्ती जुनी होते तसा तो हळूहळू उतरतो, पण ती कैक वर्षांची गोष्ट आहे.

दुसरं, छप्पर. त्या पट्ट्यात गारा पडतात आणि साध्यासुध्या नसतात. पॉलिसीत 'विंड अँड हेल डिडक्टिबल' वेगळं लिहिलेलं असतं आणि ते डॉलरमध्ये नसून घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात असतं, १ किंवा २ टक्के. बांधकामाचा विमा ५ लाखांचा आणि डिडक्टिबल २ टक्के म्हणजे पहिले १० हजार तुमचे. छप्पर बदलायला १८ हजार लागले तर विमा ८ हजार देणार. तेही छप्पर 'रिप्लेसमेंट कॉस्ट'वर असेल तर. 'अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू' असेल तर १२ वर्षांच्या छपराची घसारा कापून किंमत धरतात आणि हातात जवळपास काहीच येत नाही. जुनं घर घेताना छप्पर कुठल्या वर्षी घातलं ते विचारा, आणि कोट मागताना हे दोन शब्द पॉलिसीत कुठे आहेत ते दाखवायला सांगा.

तिसरं, पाया. डॅलसच्या उत्तरेला काळी चिकणमाती आहे, आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच. पावसात फुगते, ऑगस्टात भेगाळते. त्यावर काँक्रीटचा स्लॅब. एका कडेची माती सुकून खाली गेली की स्लॅब वाकतो, आणि घरात ते पहिल्यांदा दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरांनी दिसतं. दार आपोआप उघडतं किंवा चौकटीला घासतं. जुन्या घरासाठी नेहमीच्या इन्स्पेक्टरखेरीज स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅबची पातळी मोजून घ्या. राहायला गेल्यावर उन्हाळाभर भिंतीपासून फूट-दीड फुटावर पाझरणारा पाइप अंथरून माती ओलसर ठेवायची. पाणी पायाला चिकटून सोडायचं नाही.

आणि एक वर्ष भाड्याने राहा. ऑगस्ट त्यात आलाच पाहिजे.

---

तळ्यात_मळ्यात

सगळे हिशेब पटले, पण टेक्सासच का? ॲरिझोनात २.५ टक्के सपाट आयकर आहे आणि घरपट्टी टेक्सासच्या निम्म्याहून कमी. शून्य आयकराच्या मोहात लोक बाकीची राज्यं बघतच नाहीत. वॉशिंग्टनचंही तसंच: पगारावर कर नाही, पण मोठ्या भांडवली नफ्यावर २०२२ पासून निदान ७ टक्के आहे.

जोडप्रश्न: आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर, रांगेतली तारीख यायला अनेक वर्षं. आम्हालाही हाच हिशेब लागू का?

---

पाटीपेन्सिल

उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मुलीच्या इयत्तेत आहे आणि वर कुणीच त्याला हात लावलेला नाही.

यूसीमध्ये (कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात) बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७ हजार डॉलरहून जास्त वेगळे भरावे लागतात. चार वर्षांचा दीड लाख. वर जमाखर्च यांनी काढलेल्या बचतीची अकरा-बारा वर्षं त्यात जातात.

कॅलिफोर्नियात एबी ५४० नावाचा नियम आहे. लोक तो फक्त कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी समजतात, पण सिटिझन मुलांनाही लागू आहे. इथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं आणि इथूनच ग्रॅज्युएशन, या दोन अटी पुऱ्या झाल्या की आईवडील पुढे कुठेही गेले तरी तो ज्यादा आकार लागत नाही. मात्र ग्रॅज्युएशन इथलंच हवं. अकरावी संपवून हललात तर ही सूट गेली, आणि आईवडील टेक्सासचे झाल्यामुळे मुलगीही कॅलिफोर्नियाची रहिवासी राहत नाही.

टेक्सासचा नियम वेगळा. तिथे पालकांनी १२ महिने मुक्काम केला की त्यांच्यावर अवलंबून असलेलं मूल राज्याचं रहिवासी धरतात. पण यूटी ऑस्टिन या तिथल्या सरकारी विद्यापीठाचा आपोआप प्रवेश २०२६ च्या फॉलपासून वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांनाच आहे, आणि तो क्रमांक अकरावीच्या शेवटापर्यंतच्या गुणांवर ठरतो. दोन वर्षं फ्रीमाँटमध्ये काढलेल्या मुलीचे इथले ग्रेड तिथल्या शाळेच्या वेटेड मोजणीत कसे बसवतील, हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापलं ठरवतं. एपीचे (कॉलेजच्या पातळीचे, या मोजणीत जास्त वजन मिळणारे) वर्ग इथे दहावीत मिळाले नसतील तर ती आधीच मागे. शिवाय आपोआप प्रवेश विद्यापीठाचा असतो, कॉम्प्युटर सायन्सचा नाही.

म्हणून तुमच्यासाठी तारीख जवळपास ठरलेलीच आहे: मुलगी बारावी झाली तो जून. तेव्हा मुलगा आठवी संपवतो आणि हायस्कूलची चारही वर्षं तिथे करतो. त्याला क्रमांकाचाही त्रास नाही.

---

जमाखर्च

पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत, मीही इयत्तेकडे बघायला हवं होतं. दोन-अडीच वर्षं मिळत असतील तर ती वाया जात नाहीत. उरलेले मुद्दे:

भाड्याने द्यायचं का? विक्रीच्या तारखेआधीच्या ५ वर्षांत २ वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेले असाल तरच ५ लाखांची सूट. म्हणजे घर सोडल्यापासून ३ वर्षांचं घड्याळ सुरू होतं. तीन वर्षं आणि एक महिन्याने विकलंत तर पूर्ण साडेआठ लाखांवर कर, शिवाय भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत वेगळा. माझं मत: १२ ते १८ महिने भाड्याने द्या, तिकडे जमतंय का ते बघा, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात निर्णय पक्का करा. प्रॉपोझिशन १३ ची जुनी किंमत भाड्याच्या घरालाही चालू राहते. २.८७५ चं कर्जही राहतं. या दोन्ही गोष्टी एकदा गेल्या की परत मिळत नाहीत. ५५ वयानंतर प्रॉपोझिशन १९ खाली जुनी करपात्र किंमत नव्या घराला लावता येते, पण ती कॅलिफोर्नियातल्या घरावरून कॅलिफोर्नियातल्याच घरावर आणि दोन वर्षांच्या आत. टेक्सासहून परतणाऱ्याला काही नाही.

भाडेकरारात एक परिच्छेद विसरतात: व्यक्तीच्या मालकीचं स्वतंत्र घर एबी १४८२ च्या भाडेवाढीच्या मर्यादेतून सुटतं, पण ती सूट असल्याची ठराविक शब्दांतली नोटीस करारात छापलेली असेल तरच. नसेल तर तुम्हीही मर्यादेत. आणि तुम्ही राज्याबाहेर गेलात की प्रॉपर्टी मॅनेजर वर्षाच्या १,५०० डॉलरवरच्या भाड्यातून ७ टक्के कापून फ्रँचाइज टॅक्स बोर्डाला (कॅलिफोर्नियाच्या आयकर खात्याला) भरतो. ते ५४०एनआर (राज्याबाहेरच्यांचं कर विवरणपत्र) भरून परत मागायचे, किंवा आधीच ५८८ फॉर्मवर माफी मागायची.

आरएसयू. गेल्यावरही कॅलिफोर्निया आपला वाटा घेतं. ग्रँटपासून (शेअर देऊ केले तो दिवस) व्हेस्टपर्यंतच्या (ते हातात आले तो दिवस) कामाच्या दिवसांपैकी जेवढे दिवस इथे काम केलं तेवढा भाग इथला. समजा १,०४० दिवसांपैकी ३९० इथले, म्हणजे ३७.५ टक्के. ४० हजार व्हेस्ट झाले तर १५ हजार कॅलिफोर्नियाचे. पेरोलवाले पत्ता बदलला की कापणं एकदम बंद करतात आणि एप्रिलमध्ये बिल येतं. त्यामुळे गेल्यावर निदान तीन वर्षं ५४०एनआर भरावा लागेल असं धरून चाला. दरही कमी होत नाही, कारण तो जगभरच्या एकूण उत्पन्नावर काढतात आणि मग इथल्या भागाला लावतात.

एक जण इथेच राहिला, मुलं इथल्या शाळेत, लायसन्स तेवढं टेक्सासचं, असा अर्धवट मुक्काम करू नका. बोर्ड कार्डाची बिलं, डॉक्टर, मतदार यादी, गाडी, सगळं बघतं.

आणि टेक्सासचा नवा नोकरीचा करार सही करण्याआधी वाचा. कॅलिफोर्नियात नॉन-कम्पीट कलम (नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी) मुळातच निरर्थक असतं, टेक्सासमध्ये ते वाजवी असेल तर कोर्ट मान्य करतं.

---

शिक्का_सही

तळ्यात_मळ्यात, नाही, तुम्हाला हा हिशेब लागू नाही. तुमच्याकडे आधी कामाची जागा येते, मग कर.

घरून काम असलं तरी जागा बदलून दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली की नवी एलसीए (कामाची जागा आणि पगार यांची कामगार खात्याकडची नोंद) आणि सुधारित एच-१बी अर्ज लागतो, आणि तो तिथून काम सुरू करण्याआधी दाखल झालेला हवा. सामान गेलं, मग वकिलाला कळवलं, हा क्रम चालत नाही. पर्म (ग्रीन कार्डासाठीची कामगार खात्याची मंजुरी) तर जागेशीच बांधलेलं असतं. आय-१४० मंजूर असल्याने तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) टिकते, पण नव्या जागेसाठी पर्म आणि आय-१४० पुन्हा करावं लागण्याची तयारी ठेवा. कंपनी ते करणार का, हे लेखी विचारा. आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झालेल्यांना तेवढी अडचण नाही, त्याच प्रकारचं काम असलं की जागा बदलता येते.

---

उंबरठा

मुलगी बारावी होईपर्यंत थांबायचं हे पटलं. एबी ५४० माहीतच नव्हतं. एचआरला आज मेल करते. सासूबाईंचं काय? वय ७१, ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा खाजगी कंपनीकडून चालणारा मेडिकेअर ॲडव्हांटेज प्लॅन आहे, आणि मेडी-कॅलही (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची राज्याची आरोग्य योजना).

---

शिक्का_सही

मेडी-कॅल कॅलिफोर्नियाचं, ते सीमेवरच थांबतं. टेक्सासचे मेडिकेडचे (तिथल्या तशाच योजनेचे) निकष बरेच कडक आहेत, मिळेलच असं धरू नका. घरी मदतनीसाचे तास मेडी-कॅलमधून मिळत असतील तर तेही जातात, तो खर्च वरच्या १३ हजारांतून वजा करा.

ॲडव्हांटेज प्लॅन काउंटीपुरता असतो, तो बंद होणारच. पण त्यामुळेच एक संधी मिळते: मूळ मेडिकेअरवर परत येऊन मेडिगॅप (उरलेला खर्च भरणारा पूरक विमा) घ्यायचं असेल तर आजारपणाची चौकशी न करता काही ठराविक मेडिगॅप प्लॅन द्यावेच लागतात. अर्ज जुना प्लॅन संपण्याच्या ६० दिवस आधीपासून ६३ दिवस नंतरपर्यंत. ही मुदत चुकली की ७१ व्या वर्षी आरोग्याचे प्रश्न विचारून नकार देऊ शकतात. जुना प्लॅन संपल्याचं पत्र फाइलमध्ये ठेवा, मेडिगॅपवाले तेच मागतात.

पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत त्यांचा एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरायचा. आणि त्यांच्या ग्रीन कार्डासाठी ज्याने आय-८६४ वर (त्यांच्या खर्चाची हमी) सही केली असेल त्याने स्वतःच्या पत्त्याचा आय-८६५ वेगळा, ३० दिवसांत. एआर-११ भरला म्हणजे हा झाला असं होत नाही.

---

कौलारू

तिथे पोचल्यावरचा क्रम: गाडीची नोंदणी ३० दिवसांत, मग टेक्सासचं लायसन्स. त्याला मुदत ९० दिवसांची असली तरी घर घेतल्यावर होमस्टेडचा अर्ज भरताना लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो, म्हणून पत्ता बदलून मग अर्ज. करपात्र किंमत वाढण्यावरची वर्षाला १० टक्क्यांची मर्यादा सूट मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागते, तोवर अप्रेझल कितीही चढू शकतं. नोटीस आली की १५ मेपर्यंत, किंवा नोटिशीपासून ३० दिवसांत, जे नंतर येईल तोवर, प्रोटेस्ट (किमतीवर हरकत) टाका. विक्रीच्या किमती टेक्सासात सरकारजमा होत नाहीत, त्यामुळे तुम्ही त्यांच्या आकड्यापेक्षा स्वस्तात घेतलं असेल तर क्लोजिंग स्टेटमेंट (खरेदीच्या हिशेबाचा कागद) हाच पुरावा. महागात घेतलं असेल तर ते दाखवायला जाऊ नका.

सामानाच्या ट्रकवाल्याकडून 'बाइंडिंग, नॉट टू एक्सीड' (यापेक्षा जास्त घेणार नाही) असा लेखी अंदाज घ्या. फुकट मिळणारं संरक्षण पौंडाला ६० सेंट असतं. ५० पौंडांचा टीव्ही फुटला तर ३० डॉलर.